तीन घंट्या आणि एक कान

डॉक्टर मॅडमनी स्टीलचा दोन बोटांचा एक चिमटा स्वतःच्या कोपरावर आपटला. तो गुणगुणायला लागला तसा त्याचा दांडा त्यांनी माझ्या कपाळाच्या बरोबर मध्यावर टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठं येतोय?"

"तुमच्या हातात येतोय, मॅडम."

"तसं नाही. डाव्या कानात, की उजव्या?"

"उजव्या."

त्यांनी पुन्हा आपटला, पुन्हा टेकवला. मी पुन्हा म्हणालो, उजव्या. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं म्हणजे मी पास झालो, असं मला वाटलं. मॅडमचा चेहरा काही तसं सांगत नव्हता.

"याला ट्यूनिंग फोर्क टेस्ट म्हणतात," त्या म्हणाल्या. "कानात मळ साचला असता तर हा आवाज तुम्हाला बंद कानातच मोठा आला असता. तो चांगल्या कानात पळाला, म्हणजे बिघाड आत आहे, नसेकडे. याला म्हणतात सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. एकाएकी आतल्या कानानं काम थांबवणं."

माझी बायको कमल शेजारी बसली होती. ती म्हणाली, "म्हंजी मळ नाय? मग मी तीन दिस लसणाचं तेल कशात घातलं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि आमच्या दोघांकडे बघितलं. पुढची पाच मिनिटं त्या जे बोलल्या ते मी एकाच कानानं ऐकलं, पण ते दोन कानांना पुरून उरेल असं होतं. त्याचं सार इथेच सांगून टाकतो, कारण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी बाकीचं नाही वाचलं तरी चालेल. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर तेल नाही, काडी नाही, शेजाऱ्याचा सल्ला नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. औषधाला जेवढा उशीर, तेवढी आशा कमी.

मी चौथ्या दिवशी गेलो होतो. आधीचे तीन दिवस कसे गेले ते सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

माझं नाव सोपान. गुलमंडीत साड्यांच्या एका जुन्या दुकानात मी बावीस वर्षं गादीवर बसतो. एका सकाळी उठलो तर डाव्या कानात कुकरची शिट्टी बारीक आवाजात अडकून बसलेली. मोबाईल वाजला, नेहमीसारखा डाव्या कानाला लावला, तर पलीकडे चिडीचूप. मी हॅलो हॅलो ओरडलो, गॅलरीत गेलो, गच्चीवर गेलो, फोन दोनदा बंद करून चालू केला आणि मोबाईल कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कमल जिन्यातून म्हणाली, "अहो, दुसऱ्या कानाला लावून बघा की." लावला. साडू बोलत होता, स्पष्ट. त्यालाही बऱ्याच शिव्या ऐकू गेल्या होत्या.

मग तेल सुरू झालं. तेल घालून मी दुकानात जात होतो, आणि तिथे खरी पंचाईत झाली.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. खाली गाद्या, वर तिन्ही बाजूंनी माळा. माळ्याला तीन खिडक्या. भारी माल वर असतो, आणि तो जिन्यानं खाली येत नाही, खिडकीतून फेकला जातो. मी खालून हाक द्यायची, "चाचा, शालू दाखवा, लाल!" आणि वरून सलीमचाचा ज्या खिडकीजवळ असतील तिथून "लो!" म्हणत गठ्ठा सोडणार. गिऱ्हाइकावरची नजर न काढता मी हात वर करायचा आणि गठ्ठा हातात. बावीस वर्षांत एक गठ्ठा खाली पडला नव्हता. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं साड्या विसरून हे बघत बसायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

तिसऱ्या दिवशी चाचांनी डाव्या खिडकीतून "लो!" केलं. मी ऐटीत उजवीकडे हात वर केला. गठ्ठा डाव्या कानशिलावर बसला. पुढचा गठ्ठा पाठीत. तिसरा माझ्यावरून टप्पा घेऊन नवरीच्या आत्याच्या मांडीत.

"अरे मियाँ, मैं इधर से फेकरूं, तुम उधर कैको देखरे?" चाचा वरून ओरडले. तेसुद्धा मला उजवीकडूनच ऐकू आलं, म्हणून मी उजवीकडच्या भिंतीला म्हणालो, "माफ करा चाचा."

सगळं दुकान हसलं. शेठ हसले नाहीत. ते म्हणाले, "सोपानराव, उद्या सुट्टी घ्या आणि कान दाखवून या."

असा मी चौथ्या दिवशी मॅडमसमोर आलो.

लगेच ऑडिओमेट्री झाली. म्हणजे काचेच्या खोलीत बसवून कानावर मोठे हेडफोन लावतात आणि बारीक बारीक आवाज सोडतात. आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी धडाधड बटण दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. मी काचेवर टकटक करून बाहेरच्या मुलीला खुणेनं सांगितलं, मशीन बंद पडलं. तिनं दार उघडलं आणि हळूच म्हणाली, "काका, मशीन चालूच आहे." त्या खोलीत मला पहिल्यांदा भीती वाटली.

मॅडमनी स्टेरॉईडच्या गोळ्या लिहून दिल्या. स्टेरॉईड म्हणजे आतली सूज उतरवणारं जालीम औषध. कानाचं काय व्हायचं ते होवो, भूक अशी लागली की कमलनं चौथी भाकरी वाढताना माझ्याकडे आणि सहावी वाढताना देवाकडे बघितलं. शुगर तपासत राहावी लागली. झोप उडाली आणि स्वभाव तिखट झाला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ह्या गोळ्या सुरू करू नका आणि मध्येच सोडूही नका.

मग एमआरआय. कानाच्या नसेवर गाठ असली तर त्यात दिसते. "क्वचित असते, पण बघायलाच हवं," मॅडम म्हणाल्या. त्यातला 'क्वचित' कमलनं ऐकला आणि 'गाठ' मी. त्या नळकांड्यात ठोकाठोकीचा जो आवाज चालतो तोसुद्धा मला फक्त उजवीकडून येत होता, जणू डावीकडच्या कारागिरांचा संप आहे. रिपोर्टसाठी आम्ही बाकावर अडीच तास बसलो. कमलनं तेवढ्यात तीन नवस बोलून टाकले. गाठ नव्हती. ते नवस अजून फेडतोय.

त्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "उजवा कान तर चांगला आहे. आवाज पूर्ण ऐकू येतो. मग तो कुठून आला हे का कळत नाही?"

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्याभोवती फिरवून वाजवला. मी बोट दाखवायचं. मी दाखवत गेलो, कमल हसत होती. हळूहळू तिचं हसणं थांबलं. डोळे उघडले तर मॅडम माझ्या डावीकडे उभ्या होत्या आणि माझं बोट उजवीकडच्या कॅलेंडरवर होतं.

"आवाज डावीकडून आला की डाव्या कानात अगदी किंचित आधी पोचतो," त्या म्हणाल्या. "उजव्यात जरासा उशिरा. शिवाय मध्ये डोकं आडवं येतं, त्यामुळे पलीकडच्या कानात तो थोडा बारीक होतो. मेंदू ह्या दोन कानांतला फरक बघतो, वेळेचा आणि मोठेपणाचा, आणि त्यावरून दिशा ठरवतो. तुम्हाला कळायच्या आत. एक कान गेला की फरक काढायला दुसरं काही उरतच नाही."

बावीस वर्षं मी ज्याला माझं कसब समजत होतो ते दोन कानांमधल्या वजाबाकीचं गणित होतं. आणि गणितात मी शाळेत कायम नापास.

घरी ह्या प्रकारानं नुसता गोंधळ माजला. कमल स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि मी गॅलरीत जाऊन "काय?" विचारायचो. खालचे लोक वर बघायचे. मोबाईल हरवला की तिनं रिंग द्यायची आणि मी सगळं घर उचकायचं. एकदा तो माझ्याच डाव्या खिशात वाजत होता. क्रांती चौकात तर जिवावर बेतायचं. हॉर्न कुठलाही असो, मी उजवीकडे बघणार. डावीकडून आलेल्या रिक्षावाल्यानं ब्रेक दाबून मान बाहेर काढली. "ओ मामा, हिकडं बघा ना! तिकडं काय सासुरवाडी हाय का?" तेव्हापासून मी रस्ता ओलांडताना कानावर अजिबात विसंबत नाही. थांबतो, दोन्हीकडे बघतो, पुन्हा बघतो. तुम्हीही तेच करा.

गोळ्यांनी फार फरक पडला नाही, तेव्हा इंजेक्शनं ठरली. तीन, आठवड्याला एक. कानाच्या पडद्यातून आत औषध सोडतात. ऐकायला भयंकर वाटतं, प्रत्यक्षात एक चटका आणि थोडी गरगर. नंतर मात्र अर्धा तास कुशीवर पडून राहायचं, औषधाचा कान वर, बोलायचं नाही, हलायचं नाही. मी उजव्या कुशीवर पडलो, म्हणजे चांगला कान उशीत. कमल समोर स्टूलवर बसून अर्धा तास बोलत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेवटी तिनं डोळे पुसले आणि माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, "लग्नाला एवढी वर्षं झाली, पर आज पयल्यांदा माझं सगळं नीट ऐकून घेतलंत." माझी काय बिशाद खरं सांगायची. पुढच्या महिन्यात सासूबाई दोन बॅगा घेऊन राहायला आल्या तेव्हा कळलं की मी कशाला मूक संमती दिली होती.

दोन महिन्यांनी पुन्हा काचेची खोली. डावा कान थोडा परतला होता, पण थोडाच. बुलेट गेलेली कळते, तिच्यावरचा माणूस काय म्हणाला ते कळत नाही. मॅडमनी कागद समोर ठेवला आणि म्हणाल्या, "आता जे आहे त्याच्यासोबत राहायचं शिकायचं." त्यांनी एक यंत्रही लावून दाखवलं. डावीकडचा आवाज पकडून उजव्या कानात पोचवणारं. आवाज पोचला, पण दिशा नाही आली. फरकच नाही तर दिशा कुठून येणार?

दुकानात शेठनी मला समोर बसवलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "सोपानराव, परवा गठ्ठा एका म्हाताऱ्या बाईच्या चष्म्यापासून वीतभर गेला. लग्नसराईपर्यंत बघू. नाहीतर तुम्ही आतल्या खोलीत घड्या घालायला बसा. पगार तोच." पगार तोच, पण गादी नाही. गिऱ्हाईक नाही, बोलणं नाही, हात वर करणं नाही. मी हो म्हणालो आणि बाहेर येऊन पाणपोईपाशी तोंड धुतलं, म्हणजे रडलो ते कुणाला दिसू नये.

चार दिवसांची रजा टाकून मी गावी वडिलांकडे, आबांकडे गेलो. बिडकीनच्या पुढे आमचं गाव. आम्ही मेंढपाळांच्या घरातले. कंपन्यांची कुंपणं उभी राहिली तरी उरल्यासुरल्या माळावर आबा अजून तीस-चाळीस मेंढरं आणि काही शेळ्या राखतात. वय अठ्ठ्याहत्तर. मेंढरांचा कंटाळा येऊन मी शहरात पळालो होतो, हे ते अजून अधूनमधून मेंढरांना सांगतात.

लिंबाखाली ते कळपाकडे पाठ करून तंबाखू मळत होते. मी त्यांच्याजवळ बसलो. मागून घंट्या वाजत होत्या. मला त्या सगळ्या उजवीकडच्या कुंपणाच्या भिंतीतून येत होत्या. एवढ्यात आबा मागे न बघता ओरडले, "ए काळे! फिर माघारी! ज्वारीत कशाला घुसती?"

मी वळून बघितलं. डावीकडे बांधापाशी काळी शेळी खरंच ज्वारीत मान घालून उभी होती.

माझा बांध फुटला. सगळं सांगितलं त्यांना. कान, गठ्ठे, घड्यांची खोली. "आबा, तुमाला ह्या वयात न बघता कळतंय अन् मला आता कायबी कळत नाय."

आबा हसायला लागले. इतके, की तंबाखू सांडली.

"आरं, मला तरी दोन कान कुठं हायेत? गालगुंड झालं व्हतं ल्हानपनी, तवाच उजवा गेला."

पन्नाशी जवळ आली माझी, आणि हे मला माहीत नव्हतं.

"कुनालाच नाय सांगितलं. तुझ्या मायला तेवढं ठावं व्हतं. एका कानाच्या गड्याच्या हाती मेंढरं कोन देतंय?"

"मग काळी शेळी कशी कळली?"

"कानानं नाय, वळखीनं. काळीच्या गळ्यात पितळी घंटी हाय. ती सुटली की पिकाकडंच जाती, कायम. लोखंडी घंटी म्हाताऱ्या मेंढीला, ती बांध सोडत नाय. अन् लाकडी त्या आळशाला, त्यो माझ्या पाठीमागंच असतो. पितळ वाजलं की पिकाकडं बघायचं. कान एक असला तर काय झालं, घंट्या तीन ठिवायच्या."

मॅडम म्हणाल्या होत्या, फरक दोन कानांत असतो. आबांनी तो कानांतून काढून आवाजात ठेवला होता, शाळेची पायरी न चढता, आणि साठ वर्षांवर कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

आणखी एक गोष्ट तिथेच उमजली. लहानपणी आबा मला नेहमी डाव्या बाजूला बसवायचे. मोठ्या भावाला उजवीकडे. मी लाडका म्हणून, असं मी आजवर समजत होतो. विचारलं तर म्हणाले, "थोरला बोलतच नव्हता. तुझं तोंड सारखं चालायचं, म्हून तुला ऐकायच्या बाजूला घेतला." लाडका नव्हतो तर नव्हतो. माझं ऐकायचं होतं त्यांना, एवढं मला पुष्कळ झालं.

येताना जुन्या तीन घंट्या मागून आणल्या. दुकानाच्या डाव्या खिडकीला पितळी, मधल्या खिडकीला लोखंडी, उजव्या खिडकीला लाकडी. गठ्ठा सोडायच्या आधी त्या त्या खिडकीची घंटी वाजवायची.

"मैं क्या बकरी हूँ?" सलीमचाचा म्हणाले.

"बकरी नाय, चाचा. तुम्ही तीन बकऱ्या आहात."

चाचा दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आलो तर त्यांनी तिन्ही घंट्या चिंचेनं घासून ठेवल्या होत्या. लाकडीसुद्धा. दुकान उघडायच्या आधी आठवडाभर आम्ही रिकाम्या पिशव्या फेकून सराव केला.

लग्नसराईचा पहिला मोठा बस्ता आला, पंचवीस माणसांचा. शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले. नवरीकडे बघत मी हाक दिली, "चाचा, पैठणी दाखवा, हिरवी!"

वर टणण् झालं. पितळ. मी डावीकडे हात वर केला आणि गठ्ठा हातात येऊन बसला. मग लोखंड, मधला. मग लाकूड, उजवा. अकरा गठ्ठे झेलले. नवरीची आजी म्हणाली, "बाबा, दुकानात शेळ्याबी इकता का?" शेठ खाली बसले आणि त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. बारावा गठ्ठा चुकला, कारण चाचांनी घंटी एका खिडकीची वाजवली आणि गठ्ठा दुसरीतून सोडला. तो नेमका चहाच्या ट्रेवर पडला. चूक चाचांची होती, माझी नव्हती. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मी अजून गादीवर आहे. कानातली शिट्टी गेलेली नाही, तिची सवय झाली. तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टरकडे पळा, आणि ऐकणं परत नाही आलं तर लपवून ठेवू नका. कोणत्या बाजूला बसायचं ते माणसांना सरळ सांगा. आबांनी साठ वर्षं लपवलं, त्यांना तीस-चाळीस मेंढरांची साथ होती. आपल्याला माणसांकडूनच काम करून घ्यायचं असतं. मॅडमचे, चाचांचे, शेठचे आणि कमलचे उपकार मी विसरणार नाही. सासूबाईंचेही नाही, त्या अजून इथेच आहेत.

महिन्यातून एकदा कमलला घेऊन गावी जातो. आबांच्या डावीकडे बसतो, लहानपणीच्याच जागी. माझा उजवा कान त्यांच्याकडे, त्यांचा डावा माझ्याकडे. जगाकडे दोघांचे बंद कान. कमल घरातून, विहिरीवरून, कुठूनही हाक मारते, "अहो, जेवायला चला!" घंटी तिच्या गळ्यात नसते. मला हाक उजवीकडून येते, आबांना डावीकडून. ती कुठे उभी आहे ते दोघांनाही कळत नाही, आणि आम्ही दोघं वळून एकमेकांकडे बघतो.